इमानमाळावरची पट्टी

शेवंताआक्का माझी थोरली बहीण. मी पदवीधर झालो तो तिच्यामुळे. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली. पण निपाणीजवळच्या माळावर, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर लोकांच्या मिरच्या राखताना तिनं सिमेंटवर कोळशानं हातभर अक्षरं काढून मला वाचायला शिकवलं. आता ती पिंपरीला मुलाकडे असते. गावातलं घर विकल्यापासून इकडे आलेली नाही. मागच्या भेटीत म्हणाली, "पट्टी हाय का न्हाय तेवढं बघून ये. असली तर एकदा येतो. नसली तर कुणाच्या दारात जाऊ?"

मी बेळगावजवळ मच्छेच्या कारखान्यात नोकरी करतो; कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी बेळगावहून निघालो. निपाणीच्या स्टँडवर उतरलो, उप्पीट खाल्लं आणि वडापात (भरली की सुटणाऱ्या जीपमध्ये) बसलो.

"इमानमाळ," मी सांगितलं. आमच्याकडे विमानाला इमानच म्हणतात.

"तसला स्टॉप न्हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"जुनं विमानतळ हो."

"इमानात बसायचं तर बेळगावला सांबऱ्याच्या तळावर जावा की, साहेब. माझ्या गाडीला पंख न्हाईत."

जीपभर हसू पसरलं. माझाच माळ मला ओळखू येणार नाही का, म्हणून बाहेर बघत बसलो. आणि ओळखू आलाच नाही. पुढच्या गावात उतरून उन्हातून मागे चालत आलो, तेव्हा कन्नड पाटी दिसली: नंबिके नगर. नंबिके म्हणजे विश्वास.

हे विमानतळ कुणी बांधलं यावर गावात कधी एकमत झालं नाही. कुणी गोऱ्या साहेबाचं सांगायचं, कुणी लढाईचं. विमानं थांबली, मग गुरं आली, सायकल शिकणारी पोरं आली, लग्नाचे मांडव पडले. आता प्लॉटचे दगड रोवलेत. धावपट्टी मधोमध गटारासाठी फोडली आहे. अलीकडचा तुकडा वसाहतीचा मुख्य रस्ता झालाय, दिव्याच्या खांबांसकट. पलीकडच्या तुकड्यावर मात्र मिरच्या वाळत होत्या. लालभडक. पाय आपोआप तिकडे वळले.

"तुडवू नगंस रं. कुणाचा तू?" मिरच्या परतणाऱ्या बाईनं हटकलं.

"शेवंताआक्काचा भाऊ."

"शेवंतीचा? बूट घातलास, म्हणून वळखलो न्हाय."

ती गंगूआक्का निघाली, आमची जुनी शेजारीण. पाटीचं विचारलं तर पदराआड हसली. "मोजणीला साहेब आलता, लांबच्या जिल्ह्यातला, मराठी न कळणारा. माळाला काय म्हणता म्हणाला. इमानाचा, म्हटलं. इमान म्हंजे काय? तर आमच्यातल्या एका शहाण्यानं सांगितलं, नंबिके."

"खोडलं नाही कुणी?"

"कशाला? चांगलं नाव हाय की. इमानं उडून गेली, इमान तेवढं ऱ्हायलं."

मीही हसलो. मग विचारलं, "हा तुकडा राहणार ना?"

"फुडल्या म्हैन्यात डांबर पडतंय म्हणत्यात." तिनं मूठभर मिरच्या उलट्या केल्या. "शेवंती का येत न्हाय?"

"घर नाही आता इथं."

"व्हय? आणि आमचं घर काय पडलंय? तिला म्हणावं, लई मोठी झालीस."

तिनं आग्रहानं घरी नेलं, ताटात भाकरी आणि झुणका वाढला. जेवताना दोनदा ठसका लागला, तो झुणक्यानंच लागला असं मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. गाव सोडून शिकलेल्या माणसाला परत यायला काहीतरी निमित्त लागतं, आणि निमित्तंही एकेक करून डांबराखाली जातात, असं वाटत राहिलं. आक्काला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून त्याच रात्री तिला मोबाइलवर लिहिलं:

"आक्का, पट्टी आहे. निम्मीच आहे आणि महिनाभरच आहे. गंगूआक्का तुझ्यावर रागावली आहे. तू येत्या रविवारी तिच्याकडे जेवायला येणार, असं मी तुला न विचारता सांगून आलोय. शनिवारी पहाटे तुला न्यायला येतो. नाही म्हणायचं असेल तर ते तिलाच येऊन सांग."