संत्र्यांच्या खळग्यातलं बोर

माझ्या संत्र्यांच्या ढिगाला हात लावायची गिऱ्हाइकाला मुभा नाही. मी देईन ते घ्यायचं. रामदासपेठेत चाळीस वर्षं ठेला लावतो. शाळा दुसरीत सुटली, पण माझ्यासारखा ढीग रचणारा कळमन्याच्या बाजारातही दाखवून द्या! ठवरे बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी, न विचारता, माझ्या संत्र्यांमधल्या खळग्यांत पिशवीतली बोरं ठेवायला सुरुवात केली.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"हायड्रोजन बसवून राहिली, काकाजी. संत्री म्हणजे धातूचे अणू, बोरं म्हणजे हायड्रोजनचे."

बाई कॉलेजात विज्ञान शिकवत. मूळच्या काटोलच्या, म्हणून बोलणं आपल्यासारखंच. हायड्रोजन धातूवर खळगा शोधून कसा बसतो, एवढ्याशा गोष्टीत त्यांनी हयात घातली. तापले की ते अणू या खळग्यातून त्या खळग्यात पळतात, पार गार झाले की नक्षी धरून बसतात म्हणे. कोणी गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला लागलं की बाई मधेच म्हणायच्या, "भाऊ, गार व्हा. गार झालं की जागा सापडते."

एका सकाळी म्हणाल्या, "काकाजी, तुमच्या ढिगात दोन जातीचे खळगे आहेत."

"मले शिकवता? सारे सारखेच."

"लावता शर्त?"

"लावतो! हरलो तर कॉलेजात येऊन ढीग रचून देईन. तुम्ही हरल्या तर माझ्या ढिगाले पुन्हा हात नाही लावायचा."

ढिगाचे तेव्हा दोनच थर झाले होते. बाईंनी उदबत्तीची विझलेली काडी एका खळग्यात घातली. खालच्या संत्र्यावर अडली. शेजारच्या खळग्यात घातली, तर थेट फळीला टेकली. मी काडी हिसकून दहा ठिकाणी घालून पाहिली. एक अडे, एक आरपार.

"हायड्रोजनले हा फरक कळते," बाई म्हणाल्या. म्हणजे मलाच चाळीस वर्षं कळला नव्हता.

दोन दिवस मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"रुसले काय, काकाजी?"

"मी काहून रुसीन?"

"मग चला. उद्या माझा शेवटचा तास, मग रिटायर. अन् असा ढीग रचतानी पोरायचे चेंडू नुसते घरंगळून राहिले."

शब्द दिला होता. गेलो. टेबलावर त्या चेंडूंचा दोन थरांचा असा ढीग लावला की पोरं उभी राहून पाहायला लागली. एक शहाणा म्हणाला, "आजोबा, खळगे तर सारे सारखेच दिसतात."

मी खिशातून काडी काढून दिली. "घालून पाह्य ना गा!"

वर्गात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं बाई हसल्या.

काटोलला कायमच्या जायच्या दिवशी त्या ठेल्यावर आल्या. मी म्हणालो, "बाई, आज तुम्हीच उचला. कुठूनही." हे मी आजवर कोणालाच म्हटलं नव्हतं.

त्यांनी अलगद सगळ्यात वरचं संत्रं उचललं, त्या जागी एक बोर ठेवलं, अन् बसकडे निघाल्या.

दिवसभर ते बोर तिथंच होतं. गिऱ्हाइकांना सांगत होतो, हात लावायचा नाही.