ट्रॅक्टरवालीचे कान

गावात तिला सगळे ट्रॅक्टरवाली म्हणत. नवऱ्याचं रस्त्याला लागून शिलाईचं दुकान होतं, हातही चांगला होता, तरी लोक त्याला ‘ट्रॅक्टरवालीचे मिस्टर’ म्हणूनच ओळखत आणि तो बिचारा मशीनवरून मान वर न करता ‘ओ’ देई. एकोणीस वर्षं ती एकाच ट्रॅक्टरवर बसत आली होती. आपलं शेत नांगरून झालं की दुसऱ्यांची कामं घेई. इंजिनात काय बिनसलंय ते तिला नुसतं ऐकून कळतं, अशी तिची ख्याती. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि डोळे मिटून ऐकत बसे, तेव्हा ती हसायची. म्हणायची, “माझ्या कानांना असल्या कुबड्या लागत नाहीत.”

हे बोलणं आता तिच्याच अंगाशी आलं होतं. गेल्या दोन वर्षांपासून तिला नीट ऐकू येत नव्हतं.

एका दिवसात झालं नाही ते. आधी फोनची घंटी गेली, मग दारावरची थाप, मग सुनेचं स्वयंपाकघरातून बोलणं. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पुढे काय होणार ते तिला पाठ होतं. मुलगा कारखान्यातली पाळी सोडून धावत येणार, नवरा चष्मा पुसत बसणार आणि दोघं मिळून तिला सीटवरून खाली उतरवणार. आणि खाली उतरून करायचं काय? काजं-बटणं?

म्हणून तिने आपले मार्ग काढले होते. बोलणाऱ्याच्या समोर बसायचं, तोंडाकडे बघायचं, नाहीच कळलं तर ‘हं’ म्हणून विषय बदलायचा. नवऱ्याच्या बाबतीत तर आयतंच कारण होतं. शिवताना त्याच्या ओठांत नेहमी टाचण्या. “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता? टाचण्या गिळाल एक दिवस!” असं ती इतक्या वेळा खेकसली होती, की आता ती दुकानात पाऊल टाकताच तो निमूटपणे टाचण्या काढून उशीत खोचायचा आणि मगच तोंड उघडायचा.

जुना ट्रॅक्टर बंद पडला तो शेजाऱ्याच्या शेतात, अर्धी नांगरट झाल्यावर. मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला आणि तेलात पडलेले गिअरचे तुटके दात दाखवले.

“काकू, हा महिनाभर तरी ओरडत असणार,” तो म्हणाला. “तुम्हाला कसं कळलं नाही?”

“कामाची घाई होती,” ती म्हणाली आणि हात पुसायला फडकं शोधू लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

सुटे भाग मिळेनासे झाले होते. दुसरा ट्रॅक्टर घ्यायचा हे ठरलं. नवा की वापरलेला, एवढंच ठरेना. घरातले सगळे नव्याच्या बाजूने. हमी मिळते, बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येतो, कर्जही मिळतंय. ती एकटी वापरलेल्याच्या बाजूने.

“चिकटपणा करू नका आई,” सून म्हणाली. ही सून स्पष्ट बोलायची, मोठ्याने बोलायची, म्हणून सासूची आवडती. “तुम्ही नवा ब्लाउज शिवून घ्यायला चार महिने लावता, तेही घरचा शिंपी असताना. इथे तसं चालायचं नाही.”

तिला चिकट म्हणवून घेणं परवडलं. खरं कारण निराळंच होतं. आठ दिवसांपूर्वी सगळे मिळून शोरूममध्ये गेले होते. काचेची दारं, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि कागदात नाक खुपसून हळू आवाजात बोलणारा विक्रेता. त्याचा एक शब्द तिला कळला नाही. ती प्रत्येक वाक्याला ‘हो, हो’ म्हणत राहिली. शेवटी त्याने सहीसाठी कागद पुढे सरकवला तेव्हा दिसलं, की रंगीत दिवे, गाणी वाजवायचा डबा आणि कसलीशी झालर असलेलं छत, सगळ्याला तिने मान डोलावली होती. “विचार करून सांगते,” म्हणून ती उठली ती थेट बाहेर. नवा ट्रॅक्टर म्हणजे पुन्हा तो माणूस, तो पंखा. वापरलेल्या गाड्या विकणारा मात्र उघड्या मैदानात उभं राहून ओरडतो.

तेव्हा सुनेच्या स्कूटरवर मागे बसून ती त्या मैदानात गेली. रांगेने सात-आठ ट्रॅक्टर उभे. विकणारा खरोखरच ओरडून बोलणारा होता. तिला बरं वाटलं. एक निळा ट्रॅक्टर तिच्या मनात भरला. तिने बॉनेटवर तळवा ठेवला. गार. म्हणजे आधी तापवून ठेवलेला नाही. तेल मोजायची कांडी काढून बोटावर घासून पाहिली, टायर वाकून पाहिले, स्टिअरिंग हलवून पाहिलं. मग सीटवर चढली आणि चालू केला. मैदानातून दोन चकरा मारल्या. पायाखाली थरथर एकसारखी होती, धूर पातळ होता. खाली सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. ट्रॅक्टरवाली काय म्हणते?

“ठीक आहे,” ती म्हणाली. “घेऊ.”

“आई!” सून इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडली. “ठीक कुठे आहे? दुसऱ्या गिअरला दात खाल्ल्यासारखं वाजतंय की!”

“ते इंजिनाच्या पंख्याचं आहे ताई,” विकणारा घाईने म्हणाला.

ती सुनेकडे बघत राहिली. जिने आजवर ट्रॅक्टरला हात लावला नाही, तिला मैदानाच्या कडेला उभं राहून ऐकू आलं होतं. ती सावकाश खाली उतरली. विकणाऱ्याच्या माणसाला मागचं चाक जॅकवर उचलून दुसऱ्या गिअरमध्ये फिरवायला लावलं, त्याच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक गिअरबॉक्सवर टेकवलं आणि मूठ कानामागे लावली. आयुष्यात पहिल्यांदा.

हाडातून आवाज आला तो सरळ तिच्याच दाढांत. कर्र, कर्र, कर्र. जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात महिनाभर हाच वाजत असणार. आणि ती वर बसून मजेत नांगरत होती.

“नको हा,” ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवला.

परतताना सून स्कूटरवर काहीतरी बोलत होती. ती मागून ‘हं, हं’ करत होती. अचानक सुनेने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, उतरली आणि समोर येऊन उभी राहिली.

“मी आत्ता तुम्हाला म्हटलं, की मी बाबांचं शिलाईमशीन विकून टाकलं. तुम्ही हं म्हणालात.” तिने कमरेवर हात ठेवले. “किती दिवस झाले, आई?”

आता टाचण्यांचं कारण नव्हतं.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. मग भराभर, कोणी मध्ये बोलायच्या आत, “पण मला दिसतं सगळं. पायांना कळतं. अजून एकदाही कुठे धडकले नाही. तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस, ते मला सीटवरून उतरवतील.”

“त्यांच्यात एवढी हिंमत आहे?” सून म्हणाली. “बसा मागे.”

तिने स्कूटर घराकडे नेलीच नाही. थेट कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर नेऊन उभी केली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून एका कानात पाहिलं, मग दुसऱ्यात आणि नर्सला म्हणाल्या, “मोठं भांडं आण.” कोमट पाण्याची पिचकारी सुरू झाली. धूळ, ग्रीस आणि मळ यांचं एकोणीस वर्षांचं घट्ट बूच भांड्यात पडलं. मग त्याचा भाऊ पडला. सुनेने वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. “आई, यात गहू पेरता येईल.”

हे तिला ऐकू आलं. पाठमोऱ्या सुनेचं! खुर्चीची कुरकुर ऐकू आली, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, स्वतःचा श्वासही ऐकू आला. तिला हसू आलं आणि ते हसणं केवढं मोठं वाजतंय हेही कळलं, तशी तिने तोंडावर हात धरला.

मग बाहेरचा आवाज न येणाऱ्या बंद खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. “सगळं परत आलेलं नाही. अर्धं मळाने अडवलं होतं, ते सुटलं. अर्धं ट्रॅक्टरने खाल्लंय, ते गेलं ते गेलं. राहिलेलं सांभाळा.”

तिने विचारलं, “म्हणजे चालवायचं बंद?”

“बंद कशाला? कान झाकून चालवा. आणि कमी गोंगाट करणारी गाडी बघा.”

ती खुर्चीत मागे रेलली. दोन वर्षं खांदे आवळून बसली होती हे तिला ते खाली आले तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये गेली. आधी म्हणाली, “तो पंखा बंद करा.” मग त्या विक्रेत्याला कागद खाली ठेवून तोंड वर करून बोलायला लावलं. दिवे खोडले, गाण्यांचा डबा खोडला, झालर दोनदा खोडली. तीन ट्रॅक्टर चालू करायला लावून त्यांच्यामधून फिरली आणि सगळ्यात लहान, सगळ्यात शांत होता त्याच्या बॉनेटवर हात ठेवला.

“वापरलेला कानाने निवडावा लागतो,” ती सुनेला म्हणाली. “उरलेले कान मी त्यात घालवणार नाही. नवाच घेऊ.”

“हेच मी महिनाभर ओरडत होते,” सून म्हणाली.

“असशील,” ती म्हणाली.

संध्याकाळी दुकानात जाऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा लाल होत गेला. तिने सीटसाठी भांडायची तयारी करून मूठ आवळली.

“म्हणजे टाचण्यांचा काही दोष नव्हता?” तो म्हणाला. “दोन वर्षं मी त्या काढतोय आणि घालतोय! बोटांची चाळण झाली माझ्या!”

“नव्हता,” ती म्हणाली.

तो फणफणत वळला, उशीतून चांगल्या सहा-सात टाचण्या उपटून ओठांत धरल्या, टेप उचलला आणि तिच्याकडे पाठ करून कापडाच्या गठ्ठ्यांत काहीतरी शोधू लागला. तसाच, तोंडातल्या तोंडात पुटपुटला, “सीटचं माप आणलंस का? कव्हर शिवतो. कंपनीचं रेक्झिन उन्हात भाजतं तुला.”

तिने मूठ सोडली.

“आणते उद्या,” ती म्हणाली. “जाड कापड घ्या.”