करारांना पाडलेली भोकं

ऐंशीच्या दशकात, इलिनॉयमध्ये शिकत असताना, एका हिवाळ्यात मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम केलं. एका दिवंगत कादंबरीकाराचे कागद खोक्यांतून आले होते. ते जुळवून लावायचे, एवढंच काम. पण टेबलाच्या पलीकडे विभागप्रमुख मॅडम बसायच्या, आणि दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. ते टेबल मला सोडायचं नव्हतं.

एका खोक्यात त्याचे हॉलिवूडच्या स्टुडिओबरोबरचे पटकथालेखनाचे करार निघाले. सहा करार, सगळे सह्या केलेले. मी ते हळूहळू वाचले. तो जे लिहील ते स्टुडिओच्या मालकीचं. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. पानापानावर समासात त्याने छोट्या सहीसारखी नावाची आद्याक्षरं घातली होती. पहिल्या करारात ती ठसठशीत होती, शेवटच्यात नुसती रेघ. तिकडे तो एकटा पडला असेल, असं मला उगाच वाटत राहिलं.

टाचण्या गंजल्या होत्या. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई. सुट्टीत त्यांच्याकडून मी फायली लावायला शिकलो होतो: टाचणी काढायची, डावीकडे दोन भोकं पाडायची, टॅगची दोरी ओवून गाठ मारायची. पान हरवत नाही. मी तसंच केलं आणि सहाही करार मॅडमपुढे ठेवले. थोडा अभिमानही वाटत होता.

त्यांनी पानं उलटली. खालच्या काही पानांवर भोकं नेमकी आद्याक्षरांतून गेली होती.

मी पंचिंग मशीन उघडून कागदाच्या टिकल्या टेबलावर ओतल्या आणि शाई लागलेल्या शोधू लागलो. मॅडम रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याही शोधू लागल्या. पाच सापडल्या. त्या त्यांनी पाकिटात ठेवल्या.

मग घडलेलं लिहून फाइलला जोडायला सांगितलं. मी लिहिलं, भोकं चुकून पडली.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "तू जपून पाडलीस. तसं लिही."

"आमच्याकडे महत्त्वाचे कागद असेच बांधतात."

"तेही लिही."

लिहिलं. खाली सही केली. सोमवारपासून मला तळघरात पुस्तकं लावायला जायचं होतं. हे त्यांनीच सांगितलं, खिडकीकडे बघत. तळघरात कुणी बसत नसे. पहिला आठवडा मी पुस्तकांवरचे नंबर मोठ्याने वाचत होतो. मग तेही बंद केलं.