गाडीखालची काकी

कोणतीही गाडी आली तरी काकी तिच्या तोंडाकडे बघायची नाही. धानाच्या रोवण्याला जाताना बाया साडीवर चढवतात तसा काकांचा फुलबाह्यांचा शर्ट ती चढवायची, जमिनीवर पोतं अंथरायची आणि थेट गाडीखाली शिरायची. मालक वर उभा राहून इंजिनाचं कौतुक सांगत असायचा, आणि खालून आवाज यायचा, "ते राहू दे. तुह्या ब्रेकचा पाइप लोंबून राहिला, ते पाह्य."

भंडाऱ्याजवळ कारध्याला आमच्या घरासमोर तिचं गॅरेज होतं. तिच्या हातात पाना आला तो मात्र काका गेल्यावर. आमच्याकडे धान निघाला की सिहोऱ्याकडच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, मधले धुरे मोडून जुन्या गाड्यांच्या शर्यती लागतात. काका तिथे भंडाऱ्याच्या एका गॅरेजवाल्या शेठची गाडी चालवायचे. एका शर्यतीत ब्रेक लागले नाहीत, गाडी मोहाच्या झाडावर आदळली आणि काका जागीच गेले. शेठने त्याच संध्याकाळी साऱ्यांना सांगितलं, "पिऊन होता."

काकांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. काकी त्या मोडक्या गाडीखाली शिरली. ब्रेकचा पाइप नुसत्या बाइंडिंग तारेने बांधलेला होता. तार तुटून पाइप लोंबला होता आणि मोडलेल्या धुऱ्याच्या ढेकळांत अडकून उपटला गेला होता. तिने हे सांगितलं, पण बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं म्हणून लोक हसले. मला शेठचा राग आजही आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

काकी नागपूरला भावाच्या गॅरेजात राहून काम शिकून आली. शर्यतीच्या गाडीखालचे पाइप ही तिची खास बाब. पेट्रोलची लाइन सायलेन्सरपासून लांब, ब्रेकचा पाइप पत्र्याच्या खाचेत वर दडवलेला, आणि दर वीतभर अंतरावर रबर लावलेली क्लिप. मग प्रत्येक ठिकाणी बोट घालून ओढून बघायची. "हालला नाई पाह्यजे, आन् घासलाबी नाई पाह्यजे," हे तिचं रोजचं. शेठकडून आलेल्या गाडीतल्या तारा आणि प्लास्टिकच्या पट्ट्या ती कापून मालकाच्या हाती द्यायची. "शेठले देजो. म्हणा, काकीनं पाठवलं." हळूहळू शेठची निम्मी गिऱ्हाइकं आमच्या गल्लीत आली. मला फार आनंद व्हायचा.

पुढे शर्यतवाल्यांनी गाड्या खालून तपासायचं काम तिलाच दिलं. एका वर्षी शेठचा मुलगा स्वतःची गाडी घेऊन उतरला. काकीने बोट घातलं आणि पाइप हातात आला. चारही चाकं काढून सगळी लाइन तिने नव्याने बसवली. मी क्लिपा देत होतो. काम झालं, पण चाकं न बसवता काकी त्यातल्याच एका चाकावर बसली.

"आता तुह्या बापाले बोलाव," ती पोराला म्हणाली.

शेठ आला. "वहिनी, जुनं कायले काढता? तेव्हा चूक झाली."

"कोनाची?"

गाड्या रांगेत लागत होत्या, पोरगा बापाच्या तोंडाकडे बघत होता.

"मले नोका सांगू, शेठ. माइकवर सांगा. पिऊन होता, हे तुमी साऱ्याइले सांगतलं होतं."

शेठ मंडपात गेला आणि त्याने माइक घेतला. "तो पिऊन नव्हता," भोंग्यातून आवाज आला. "पाइप मी तारेनं बांधला होता." काकीने चाकं बसवून नट स्वतः आवळले. पोरगा हरला, पण प्रत्येक वळणावर त्याचे ब्रेक लागले.

मी विचारलं, "काकी, माफ केलं का त्याले?"

"माफ कायले? त्यानं खरं सांगतलं, मेहेरबानी नाई केली."

गेल्या पावसाळ्यात काकी तापाने गेली. बुद्धविहारात तिच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, शेठही आला. डोळे पुसत म्हणाला, मलाही दोन शब्द बोलू द्या. माइक माझ्याकडे होता. शेठने हात पुढे केला.

"बसा शेठ," मी म्हटलं. "तुमचं बोलून झालं."