दुसऱ्या गंजातला भात

"दिघोरे मॅडम, तुमच्या होस्टेलात उपोषण सुरू आहे आणि हे मला बाहेरून कळतंय?"

प्राचार्यांचा फोन सकाळीच आला. मी म्हटलं, "सर, उपोषण नाही. काही मुली भात घेत नाहीयेत, एवढंच."

"भात न घेणं म्हणजे काय असतं मग? समिती येतेय आठवड्यात. या माझ्याकडे."

मी एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. रेक्टर म्हणजे मुली आजारी पडल्या की दवाखान्यात नेणारी, भांडल्या की सोडवणारी आणि नळाला पाणी नसलं की शिव्या खाणारी. आमचं गाव बोदलकशाच्या काठावरचं. वडील त्या तलावात मासेमारी करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आमच्या कॉलेजात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मुली येतात. शेतकऱ्यांच्या असतात, जंगलपट्ट्यातल्या गोंड घरांतल्या असतात, शिवाय गोंदिया शहरातून आलेल्या हिंदी बोलणाऱ्याही असतात. सगळ्या एकाच मेसमध्ये जेवतात. मेस चालवतात हिराकाकू. स्वतःची धानाची शेती आहे, हात सढळ आहे आणि जीभ त्याहून सढळ.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. समिती येणार म्हणून काकूंनी आपल्या शेतातलं हलकं धान, म्हणजे लवकर निघणारं पीक, मिलमधून काढून आणलं. ताजा तांदूळ. शिजताना वास थेट वरच्या मजल्यापर्यंत. त्याच दिवसापासून केशोरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या मुलींनी भात घेणं बंद केलं. पोळी घ्यायच्या, वरण-भाजी घ्यायच्या, भाताचा डाव पुढे आला की ताटावर हात आडवा. विचारलं तर एकच उत्तर, "भूक नाही मॅडम."

काकूंनी मला पकडलं.

"माह्या तांदळात किडे दिसले काय ह्या पोट्ट्यायले? तसं असन तर तोंडावर सांगा म्हना न! घरच्या वावरातला तांदूळ आहे, काही रेशनचा नाही!"

पोळ्या मोजून केलेल्या असतात, भाताच्या भरवशावरच पोट भरतं. या मुली अर्ध्या पोटी उठत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल होती.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा संगीता आधीच उभी होती. बीएस्सी पहिलं वर्ष, केशोरीच्या पलीकडच्या एका लहान गावची. सरांनी तिलाच बोलावलं, कारण ती थोडं तरी बोलते. आमचे सर साताऱ्याकडचे, माणूस चांगला, पण इकडच्या बोलण्याची सवय नाही.

"भात का खात नाही तुम्ही?"

"नाही खात आम्ही," संगीता म्हणाली.

"काही तक्रार आहे?"

"नाही."

"मग?"

"नाही खात."

आमच्याकडे हे साधं बोलणं आहे. सरांना तो उर्मटपणा वाटला. त्यांनी तिला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाले, "ही लीडर आहे. हिच्या वडिलांना फोन लावा. घेऊन जाऊ दे घरी. समिती येऊन गेली की पाहू."

"सर, प्रॅक्टिकल आहे तिची. चुकली तर वर्ष अडकेल."

"समितीसमोर ताटं तशीच परत गेली तर कॉलेजचं काय अडकेल, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ही समिती विद्यापीठाची. कॉलेज नीट चालतं की नाही हे बघायला येते, वर्ग पाहते, मुलांशी बोलते, होस्टेलात जेवते. तिच्या शेऱ्यावर पुढचे अभ्यासक्रम मिळणं अवलंबून. सरांची भीती खोटी नव्हती. मी उद्यापर्यंतची मुदत मागितली. "उद्या सकाळी अकराला एकतर कारण द्या, नाहीतर फोन," सर म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर संगीता थांबली होती. केबिनमध्ये ताठ उभी असलेली मुलगी रडकुंडीला आली होती.

"मॅडम, बाबाले फोन नोका करू जी. मोठेबाबा आधीच म्हनून राहिले, पोरीले बारावी लय झाली. बाबा एकदा न्यायले आला तर मले वापस नाही धाडनार."

मोठेबाबा म्हणजे तिचे थोरले काका. मी म्हटलं, "मग सांग ना काय झालं ते."

"काही नाही झालं जी."

मी विचारणं तिथेच थांबवलं. ऑफिसच्या दारात उभं करून विचारलं की मुली असंच उत्तर देतात, हे मला रेक्टर होण्याच्या आधीपासून माहीत आहे. मीही होस्टेलमध्ये राहूनच शिकले.

दुपारी वरच्या मजल्याचा फ्यूज उडाला. वायरमनला फोन करायच्या आधी मी स्वतः फेरी मारते, कारण आमच्याकडे फ्यूज उडण्याचं कारण बहुतेक वेळा कुणाच्या तरी खोलीत असतं. जिना चढले आणि भाताचा वास आला. मेस तर खाली होती, आणि बंद होती.

संगीताच्या खोलीचं दार वाजवलं. आतून खुडबुड, मग शांतता. दार उघडलं तर पाच-सहा मुली एका गंजाभोवती, म्हणजे पातेल्याभोवती, बसलेल्या. पलंगाखाली कॉइल ढकललेली. ही पाणी तापवायची विजेची कॉइल होस्टेलात बंद आहे. गंजात भात. अर्धा कच्चा.

मला आधी हसूच आलं. भातावर बहिष्कार टाकलेल्या मुली चोरून भात शिजवत होत्या.

मी दार लावलं आणि खाली बसले. "फ्यूज उडवला तुम्ही. आता निदान जेवू तरी घाला मले."

मग संगीताने एका ताटलीत थोडा भात काढून पुढे केला. कचकच लागत होता, पण मोकळा होता. मी म्हटलं, "जुना तांदूळ होय ना हा?"

"हो जी. घरून आनला मी. मागच्या सालचा."

"आणि काकूचा काऊन नाही चालत?"

मग संगीता म्हणाली, "तो यंदाचा हाय जी. आमच्या घरी नवा नाही झाला अजून."

मला सगळं कळलं, आणि वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते. नवं धान हाती आलं की त्याचा पहिला भात घरच्या देवांना, पूर्वजांना द्यायचा, मग घरच्यांनी खायचा. याला 'नवा' म्हणतात. इथल्या बऱ्याच शेतकरी घरांत होतो, पण दिवस प्रत्येकाचा वेगळा. या मुलींच्या गावांत तो दिवाळीला होतो. तोवर यंदाचा तांदूळ तोंडात घालायचा नाही. आमच्या घरी बाबा डोंग्याची, म्हणजे होडीची, पूजा केल्याशिवाय जाळं भिजवत नसत. मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"शाळेत सांगतलं होतं एक डाव," दुसरी म्हणाली. "सर पूर्‍या वर्गासमोर हासले."

"आनि काकू एवढ्या हौसेनं करून राहिली," संगीता म्हणाली. "तुमचा तांदूळ नाही चालत असं कसं म्हनाव? वाईट नाही वाटनार तिले?"

म्हणजे काकूंना वाईट वाटू नये म्हणून मुली गप्प होत्या, आणि त्या गप्प होत्या म्हणून काकू पेटल्या होत्या.

मी कॉइल जप्त केली. नियम तो नियम. मग संगीताला घेऊन मेसमध्ये गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकूंच्या हातातला डाव खाली आला.

"एवढंच होय! अवं, सांगाचं ना व पोट्टीहो! आमच्या घरी नाही होत काय नवा? आमचा दसऱ्याले झाला. माह्या घरचा झाला म्हनजे साऱ्यायचा झाला, असंच समजली मी." मग म्हणाल्या, "जुना तांदूळ तर कोठीत भरून हाय. आम्ही घरी तोच खातो. हा नवा तर त्या समितीले दाखवाले आनला."

मी सकाळी अकराला सरांसमोर कारण ठेवलं. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ठीक आहे. या मुलींसाठी वेगळा भात करा."

"तेच नको सर. एका रांगेत दोन भात झाले की उद्या कोणी म्हणेल, आदिवासी मुलींना वेगळं वाढतात. आणि त्यांच्याच ताटाकडे सगळे बघतील."

"मग काय करायचं म्हणता?"

"सगळ्यांना जुना. होस्टेलातल्या शेवटच्या मुलीच्या घरचा नवा होईपर्यंत नवा तांदूळ थांबेल. जुना असा कुणाला वर्ज्य नाही."

"बाकीच्या मुली ऐकतील?"

संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी सगळ्यांना सरळ सांगितलं. गोंदियाची रितिका, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत असतं, ती म्हणाली, "मॅडम, चावल बदला था क्या? हमको तो पता ही नहीं चला!" काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने दुसऱ्यांदा भात घेतला. त्या रात्री केशोरीकडच्या मुली एवढ्या जेवल्या की काकूंना पुन्हा आधण ठेवावं लागलं. फोन लावायची वेळ आली नाही.

समिती आली. वर्ग पाहिले, प्रयोगशाळा पाहिल्या, मग जेवायला बसली. अध्यक्षबाई नेमक्या संगीताच्या समोर. सर माझ्याकडे बघत होते, मी वरणाकडे.

"जेवण कसं असतं गं इथे?"

"चांगलं राहते," संगीता म्हणाली. "तांदूळ जुना हाय."

सरांचा घास थांबला. "जुना? या दिवसांत?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं आता ही 'काही नाही' म्हणणार. पण तिने ताट थोडं मागे सारलं आणि सांगितलं. नवा म्हणजे काय, त्यांच्या गावात कधी होतो, आधी भात कुणाला देतात, सगळं, आपल्याच बोलीत. शेवटी म्हणाली, "आमचा होयेपर्यंत साऱ्यायनं थांबवला जी."

कुणी हसलं नाही. पलीकडून रितिका म्हणाली, "हाँ मॅम, हम सब रुके हैं," आणि जणू कल्पना तिचीच होती अशा थाटात पापड मोडला.

सरांनी लगेच इंग्रजीत सांगून टाकलं की आमच्याकडे इन्क्लुझिव्ह मेस पॉलिसी आहे. पॉलिसीचं वय तेव्हा आठवडाभरही नव्हतं.

संगीताची प्रॅक्टिकल झाली, चांगली झाली. दिवाळीनंतर ती वेळेवर परत आली. सोबत फडक्यात बांधलेला घरचा नवा तांदूळ, काकूंसाठी. वडील स्वतः सोडायला आले होते, बसस्टँडवरून ट्रंक खांद्यावर घेऊन. काकूंनी तो तांदूळ मोठ्या गंजातल्या आपल्या नव्या तांदळात मिसळला आणि त्या दिवशी होस्टेलात नवा झाला. भात थोडा चिकट झाला, नव्या तांदळाचा होतोच. रितिका म्हणाली, "मॅडम, पुरानावाला ही अच्छा था."

समितीच्या अहवालात ग्रंथालयाचं कौतुक आलं आणि वॉटर कूलर बंद असल्याचा शेरा. भाताबद्दल एक अक्षर नाही. सरांना वाईट वाटलं. मला नाही. कूलर त्यामुळे दुरुस्त झाला.

यातून मी एक शिकले. मुलगी 'भूक नाही' म्हणाली तर केबिनमध्ये बोलावू नये, तिच्या शेजारी ताट घेऊन बसावं. काकूही शिकल्या. आता दरवर्षी नव्या मुली जेवायला आल्या की त्या डाव हातात धरून आधी नाव विचारतात, मग गाव, आणि मग वाढायच्या आधी विचारतात, "तुमचा नवा कधी होते व, माय?"