बायच्या सात ओव्या आणि आठवी पट्टी

अगं, जवळ ये. वरवर वाचून पुढे पळू नकोस, तुम्हा सगळ्यांची ही खोडच वाईट! भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण मुलुंड पूर्वेला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी जे झालं, ते झालं.

माझी मोठी बहीण — आम्ही तिला बाय म्हणायचो — गेल्या शिमग्यात वारली. तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या सात ओव्या एका पेनड्राइव्हवर होत्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. मी व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग शिकले. फाइली प्रोजेक्टमध्ये ओढल्या, स्क्रीनवर एकेका ओवीची एक अशा सात पट्ट्या उमटल्या, वाजल्यासुद्धा. वाटलं, आल्या आत! मी शहाणीने पेनड्राइव्ह भावोजींना, म्हणजे बायच्या नवऱ्याला, परत दिला. त्यांनी काय करावं? सगळं पुसून क्रिकेटच्या मॅची भरल्या!

दुसऱ्या दिवशी सातही पट्ट्या मुक्या. खाली लिहिलेलं — फाइल सापडत नाही.

माझी मुलगी वैशू म्हणाली, "आई, तू कॉपी केल्याच नाहीस गं. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरूनच वाजवत होता."

माझं डोकंच फिरलं. भावोजींना बोलावून घेतलं.

"पुसायच्या आधी विचारायचं तरी होतं!"

"त्यात काय विचारायचं? जन्मभर तेच रडगाणं ऐकलं मी. आणि चहात साखर कमी आहे."

साखर कमी! कप त्यांच्या अंगावरच ओतणार होते... तेवढ्यात वैशू म्हणाली, "आई, ही आठवी पट्टी कसली?"

शपथेवर सांगते, मी सातच ओढल्या होत्या. वैशूने ती वाजवली. आधी जात्याची घरघर... मग बायचा आवाज. ओवी नाही, नुसतं बोलणं —

"दत्ताराम, आता तरी गप्प बस."

चाळीस वर्षांच्या संसारात बायने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आमच्यात बायका घेतच नसत. रेशनच्या दुकानातसुद्धा ती मला पुढे करायची, नाव सांगायला.

भावोजी पांढरे पडले. "ही... ही कुणाशी बोलतेय?"

"घरात दुसरा दत्ताराम आहे का?" मी म्हटलं.

ते अनवाणीच जिना उतरले.

वैशूने सगळा कॉम्प्युटर पालथा घातला. आठव्या पट्टीमागेही फाइल नाही, तरी ती वाजते. का, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. आणि खरं सांगू? माझा राग तसाच आहे. एक वाक्य मिळालं, पण ओव्या गेल्या त्या गेल्याच. मला अर्ध्याच येतात.

तुझ्या आईने, काकीने आमच्या बायसोबत जातं ओढलं असेल, तर त्यांना घेऊन ये. माईक लावून ठेवलाय. त्यांना आठवतंय तोवर ये गं, लवकर ये.