सांध्यातली अक्षत

काकांच्या मागच्या खोलीत शिरायचं तर गुडघे टेकावे लागतात. चारी भिंतींना लागून टेबलासारख्या फळ्या, त्यांवर खेळण्यातल्याहून थोडे खरे वाटणारे रूळ, डोंगर, स्टेशन. मधे एक माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. तिथे जायला वाट नाही, फळीखालून रांगत जायचं. काकांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून दर रविवारी दुपारी त्या मधल्या जागेत मी असते. काका दारातच खुर्चीवर, हातात गाडीचं बटण. गाडी एक पूर्ण फेरी न घसरता मारेपर्यंत मला सुट्टी नाही.

काका-काकू आमच्या निपाणीचे, पण शहराच्या या टोकाला, येलहंक्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. बाबांनी मला इथे सोडलं तेव्हा एवढंच सांगितलं, "त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही." मी गेले नाही. पण कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. संध्याकाळी सगळे लॅबमध्ये थांबतात आणि मी बस पकडायला पळते, कारण मी घरी पोचेपर्यंत काकू जेवत नाहीत. कधी रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटायचं.

त्या आठवड्यात हॉस्टेलमध्ये एक जागा रिकामी झाली. बाबा फोनवर म्हणाले, "त्यांना विचार. ते हो म्हणाले तर जा." हॉस्टेलला सोमवारी सकाळी कळवायचं होतं. म्हणजे आज विचारायलाच हवं होतं.

गाडी बोगद्यातून आली आणि स्टेशनाआधी तिसरा डबा आडवा झाला.

"डबा हलका आहे," काका म्हणाले. दसऱ्यापासून ते हेच म्हणत होते. डब्यात लोखंडी नट चिकटवून त्यांनी तो इतका जड केला होता की इंजिन चढावर धापा टाकायचं.

"काका, मला..."

"स्वल्प तडी, जरा थांब, पुट्टी. आधी डबा लाव." लहान पोरीला कानडीत म्हणतात तसं ते मला पुट्टी म्हणतात.

मी डबा रुळावर ठेवला. पुन्हा तिथेच आडवा. मग मी तो काढून दुसरा डबा त्याच्या जागी लावला. तोही तिथेच घसरला.

"डब्यात काही नाहीये, काका. जागेतच आहे."

"जागा मी स्वतः ठोकलीय!"

मी मोबाइलचा दिवा लावून डोळे रुळाच्या पातळीला नेले आणि डबा बोटाने हळूहळू ढकलला. जिथे एका रुळातून दुसरा फुटतो त्या सांध्यावर चाक किंचित उचललं गेलं. सांध्याची सरकती पट्टी मोठ्या रुळाला पूर्ण टेकत नव्हती. मधे केसाएवढी फट, आणि फटीत काहीतरी लालसर. टाचणीने काढलं. तांदळाचा तुकडा, कुंकू लागलेला.

खंडेनवमीला काकूंनी स्कूटर, मिक्सर आणि इस्त्रीबरोबर या गाडीचीही पूजा केली होती.

काका त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बटण फिरवलं. गाडी सांध्यावरून सरळ निघून गेली, डोंगराला वळसा घालून परत आली, पुन्हा गेली.

"अगं, ये लवकर! धावली बघ!" त्यांनी हाक मारली.

काकू आल्या त्या देवघरातून अक्षता घेऊनच. मूठ गाडीवर उधळायला वर गेली.

"काकू, नको!"

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा आला. त्या घरात मी नको म्हणण्याची ती पहिलीच वेळ. काकूंचा हात तसाच राहिला. आता थांबले तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही, हे मला कळत होतं.

"अक्षता सांध्यात अडकतात," मी म्हणाले. "आणि काकू... मला हॉस्टेलमध्ये जागा मिळतेय. मी जाऊ का?"

गाडी माझ्याभोवती फिरत होती. बाहेर पडायला फळीखालूनच रांगावं लागलं असतं, म्हणून मी तिथेच उभी राहिले.

"तिथे रात्री गरम जेवण मिळतं का?" काकूंनी विचारलं, पण काकांना.

"तिला विचार की."

"मिळतं," मी म्हणाले.

काकांनी गाडी स्टेशनात आणून थांबवली. "सरी, जा," ते म्हणाले. "आत आहेसच, तर बाकीचे सांधेही बघून टाक. मागाहून मला कोण सांगणार?"

काकू फळीवरून वाकल्या. मूठ अजून मिटलेलीच होती. त्यांनी ती माझ्या डोक्यावर सोडली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

मी मान हलवली नाही. दाणे रुळांवर पडले असते.